घरच्या वावराचा मक्ता आणि घरची मजुरी खर्चात धरावी काय? ‘संधी खर्च’ या संज्ञेविषयी

कोरडवाहू_केळापूर (जि. यवतमाळ) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमच्या गावातील शेतकरी गटाने यंदापासून कपाशी, तूर आणि सोयाबीन या तिन्ही पिकांचा एकरी खर्च एकाच वहीत मांडायचे ठरवले आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे, निंदण, डवरणी, वेचणीची मजुरी आणि बाजार समितीपर्यंतचे गाडीभाडे येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. वाद निर्माण झाला तो गटातील एका पदवीधर मुलाने ‘संधी खर्च’ असा स्वतंत्र रकाना सुचवल्यावर. त्याचे म्हणणे असे, की ज्याचे वावर स्वतःच्या मालकीचे आहे त्यानेही गावात चालू असलेला मक्ता (वावर वर्षभर कसायला दिल्याबद्दल मिळणारे भाडे) खर्चात धरावा, घरच्या बाईमाणसांनी केलेल्या निंदणाची मजुरी लिहावी आणि घरच्या बैलजोडीचेही भाडे मांडावे. त्यावर जुने कास्तकार म्हणाले, की जो पैसा खिशातून गेलाच नाही तो खर्च म्हणून लिहीत बसलो, तर दरवर्षी वहीत तोटाच दिसेल. मग अशी वही ठेवायची तरी कशाला?

मला दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य वाटते, म्हणून जाणकारांना विचारत आहे. संधी खर्चाचा नेमका अर्थ काय, तो मोजावा कसा, आणि हमीभाव ठरवताना सरकार जो उत्पादन खर्च काढते त्यात तो धरलेला असतो काय? आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याला या संज्ञेचा प्रत्यक्ष निर्णयात काही उपयोग आहे, की ती केवळ परीक्षेपुरती आहे, हेही कळावे.

निवृत्त_प्राध्यापक_वर्धा यांचे उत्तर:

भाऊ, प्रश्न योग्य आहे. एखाद्या साधनाचा एक उपयोग निवडल्यामुळे त्याच साधनाचे जे अन्य उपयोग सोडून द्यावे लागतात, त्यांपैकी सर्वांत चांगल्या उपयोगातून जे निव्वळ उत्पन्न मिळू शकले असते, तो निवडलेल्या उपयोगाचा संधी खर्च होय. काही पाठ्यपुस्तकांत यालाच वैकल्पिक खर्च म्हटले आहे. ही संज्ञा अर्थशास्त्रीय लेखनात १८९४ साली डेव्हिड ग्रीन यांच्या एका लेखात आढळते, आणि या कल्पनेची पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय ऑस्ट्रियाचे फ्रीड्रिख फॉन वीझर यांना दिले जाते.

व्याख्या पाठ करणे सोपे आहे. चुका होतात त्या मोजताना. समजा, तुमच्याकडे एक एकर वावर आहे. ते मक्त्याने दिले तर वर्षाचे १५,००० रुपये मिळतात. स्वतः सोयाबीन पेरले तर सर्व खर्च वजा जाता १२,००० रुपये उरतात. आणि पडीक ठेवले तर काहीच मिळत नाही. तुम्ही त्यात कपाशी लावली, तर त्या वावराचा संधी खर्च १५,००० रुपये आहे. पुष्कळ विद्यार्थी येथे १५ आणि १२ यांची बेरीज करून २७,००० लिहीत, आणि मी दरवर्षी त्यांचे गुण कापत असे. एकच वावर एकाच हंगामात मक्त्यानेही देता येत नाही आणि स्वतः सोयाबीनही पेरता येत नाही, म्हणून हुकलेल्या पर्यायांपैकी फक्त सर्वांत वरचा पर्याय धरायचा. शिवाय तो पर्याय खरोखर उपलब्ध असला पाहिजे. तुमच्या शिवारात वन्यप्राण्यांच्या त्रासामुळे मक्त्याने घ्यायला कोणी तयारच नसेल, तर १५,००० हा आकडा कागदावरचा आहे आणि तुमचा संधी खर्च १२,००० रुपयेच राहील.

घरच्या मजुरीचेही तेच. वेचणीच्या दिवसांत गावात मजूर मिळत नाही, किलोमागचा दर चढलेला असतो, आणि घरची बाई स्वतःच्या वावरात कापूस वेचते तेव्हा ती दुसऱ्याच्या वावरातील रोख मजुरी सोडत असते; तो संधी खर्च पूर्ण मजुरीइतका आहे आणि तो वहीत आलाच पाहिजे. उलट चैत्र-वैशाखात कोरडवाहू गावात कामच नसते. त्या दिवसांत घरच्या माणसाने धुरे साफ केले किंवा पऱ्हाटीची खुंटे वेचली, तर त्या श्रमाचा संधी खर्च फारच थोडा असतो. अर्थात गावात रोजगार हमीचे काम सुरू असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला आणि तो १९७९ पासून अमलात आला. त्याचा एक परिणाम असा, की रिकाम्या दिवसांच्या श्रमालाही एक किमान मोल लाभले. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रासाठी मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. काम खरोखर मिळत असेल तर उन्हाळ्यातील तुमच्या दिवसाचा संधी खर्च तेवढा. काम नुसते कागदावर असेल, तर नाही.

जुन्या कास्तकारांच्या आक्षेपालाही उत्तर दिले पाहिजे. खिशातून गेलेला पैसा हा उघड खर्च, आणि स्वतःच्या साधनांचा धरलेला खर्च हा अंतर्निहित खर्च. उत्पन्नातून केवळ उघड खर्च वजा केला तर हिशेबी नफा उरतो. दोन्ही वजा केले तर आर्थिक नफा. आर्थिक नफा उणे आला याचा अर्थ घरात पैसा आला नाही असा मुळीच होत नाही. आपली जमीन आणि आपले हात दुसरीकडे लावले असते तर यापेक्षा अधिक मिळाले असते, एवढेच तो आकडा सांगतो. तेव्हा घरखर्चाचा हिशेब ठेवायची वही आणि पुढल्या वर्षी काय पेरावे हे ठरवायची वही या दोन वेगळ्या समजा; संधी खर्चाचा रकाना दुसरीत हवा.

संत्राबाग_मोर्शी यांचे उत्तर:

सरांनी वार्षिक पिकांचे सांगितले. फळबागेत ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते, म्हणून थोडे लिहितो. आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचे झाड लागवडीनंतर साधारणपणे पाचव्या-सहाव्या वर्षी व्यापारी प्रमाणात फळ देऊ लागते. तोपर्यंतचा बागेचा खर्च मांडताना लोक कलमे, खड्डे, ठिबक आणि शेणखत लिहितात. परंतु त्या वर्षांत त्याच ओलिताच्या वावरात कपाशी आणि मागाहून गहू किंवा हरभरा घेऊन जे हाती आले असते, ते कोणीही लिहीत नाही. आंतरपिकाने त्यातील काही भाग भरून निघतो, पूर्ण नाही. वास्तविक बागेचा सर्वांत मोठा खर्च बहुधा हाच असतो.

याच्या उलट चूक बाग काढताना होते. डिंक्या रोगाने आणि कोळशीने बाग खचली, विहिरीचे पाणी दर उन्हाळ्यात खाली गेले, बहार धरेनासा झाला, तरीही शेतकरी म्हणतो, ‘या बागेत आजवर इतके लाख घातले आहेत, ती कशी उपटू?’ घातलेले लाख हा बुडीत खर्च आहे. बाग ठेवली काय किंवा काढली काय, तो परत येत नाही, म्हणून आजच्या निर्णयात त्याला स्थान नाही. विचारात घ्यायचा तो एवढाच, की ही बाग पुढील काही वर्षांत किती निव्वळ उत्पन्न देईल आणि तेच वावर व तेच पाणी दुसऱ्या पिकाला दिले तर किती देईल. मी ‘पाणी’ हा शब्द मुद्दाम लिहीत आहे. आमच्याकडे वावरापेक्षा पाणी दुर्मिळ आहे, आणि संत्र्याला दिलेल्या पाण्याचा संधी खर्च कोणाच्याही वहीत नसतो.

हिशेबनीस_वणी यांचे उत्तर:

हमीभावाविषयीचा प्रश्न तसाच राहिला आहे, त्याचे उत्तर देतो. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहतो आणि हा प्रश्न आमच्या प्रत्येक सभेत निघतो. केंद्र सरकारला हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग १९६५ साली कृषी मूल्य आयोग या नावाने स्थापन झाला आणि १९८५ साली त्याला सध्याचे नाव मिळाले. आयोग उत्पादन खर्चाची निरनिराळी मोजमापे वापरतो. ‘ए२’ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च. यात लावलेल्या मजुरांची मजुरी, बियाणे, खते, औषधे, ओलित, आणि जमीन मक्त्याने घेतली असल्यास दिलेला मक्ता येतो. त्यात घरच्या श्रमाचे मूल्य मिळवले, की ‘ए२ अधिक एफएल’ होते. त्याहीपुढे जाऊन स्वतःच्या जमिनीचे मानलेले भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे मानलेले व्याज धरले, की ‘सी२’ हा सर्वसमावेशक खर्च तयार होतो.

म्हणजे तुमच्या गटातील मुलगा जे सांगत आहे ते निराधार नाही. घरच्या श्रमाचा संधी खर्च सरकारी मोजमापात धरला जातो. स्वतःच्या जमिनीचा आणि भांडवलाचा संधी खर्च आयोग मोजतो, पण भाव जाहीर होताना तो पाया म्हणून वापरला जात नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभावाचे धोरण जाहीर झाले, आणि तो ‘उत्पादन खर्च’ म्हणजे ए२ अधिक एफएल. पडताळा घ्यायचा असल्यास २०२५-२६ चे आकडे पाहावेत: मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला गेला आणि हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला, सोयाबीनचा खर्च ३,५५२ रुपये आणि हमीभाव ५,३२८ रुपये. दोन्ही ठिकाणी गुणोत्तर बरोबर दीडपट आहे. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने सरासरी खर्चापेक्षा किमान ५० टक्के अधिक भाव द्यावा अशी शिफारस केली होती, आणि तो खर्च सी२ धरावा अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. ‘दीडपट भाव दिला’ आणि ‘दीडपट भाव मिळाला नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी ऐकू येतात, त्याचे कारण या एका संज्ञेत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे आकडे निरनिराळ्या राज्यांतील खर्चाची भारित सरासरी आहेत. ज्या शिवारात ओलित नाही आणि एकरी उतारा कमी आहे, तेथे क्विंटलमागचा खर्च या सरासरीच्या वर जातो. त्यामुळे केळापूरच्या वहीत येणारा आकडा आयोगाच्या आकड्याशी जुळला नाही, तर वही चुकली असे समजू नये.

कृषिअर्थ_अकोला यांचे उत्तर:

मी कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि सी२ विषयी एक शंका मांडू इच्छितो. जमिनीचा मक्ता मुळात पिकाच्या भावावर ठरतो. कापसाचा भाव वाढला, की पुढल्या गुढीपाडव्याला मक्ता वाढतो. मक्ता वाढला, की सी२ वाढतो. आणि सी२ वर भाव बांधला तर भाव पुन्हा वाढतो. हे चक्र थांबणार कोठे? डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्येच दाखवून दिले होते, की धान्य महाग असते म्हणून खंड (म्हणजे आपला मक्ता) जास्त असतो, खंड जास्त असतो म्हणून धान्य महाग नसते. मग खंडाला उत्पादन खर्च म्हणणे तर्काला धरून आहे काय?

निवृत्त_प्राध्यापक_वर्धा यांचे प्रत्युत्तर:

तुमची शंका रास्त आहे, परंतु रिकार्डोंचा विचार जेथे लागू पडतो ती जागा वेगळी आहे. संपूर्ण देशाची शेतजमीन एकत्र धरली आणि तिचा धान्य पिकवण्याखेरीज दुसरा उपयोगच नाही असे मानले, तर तिचा संधी खर्च शून्य होतो आणि खंड हा भावाचा परिणाम ठरतो. मात्र एका पिकाच्या दृष्टीने पाहिले, तर चित्र पालटते. कपाशीखालचे वावर सोयाबीनलाही चालते, तुरीलाही चालते. म्हणून कपाशीला ते वावर आपल्याकडे टिकवायचे असेल, तर निदान सोयाबीनइतके उत्पन्न द्यावेच लागते. हा कपाशीच्या दृष्टीने खराखुरा खर्च आहे. विदर्भात गेल्या काही दशकांत कितीतरी वावर ज्वारीकडून सोयाबीनकडे गेले, ते ज्वारीला हा खर्च पेलला नाही म्हणूनच.

चक्राची भीती अगदीच खोटी नाही, हे मान्य करतो. म्हणून माझे मत असे, की सी२ हा आकडा कोणते पीक शेतकऱ्याला परवडते याची तुलना करण्यासाठी उत्तम आहे; भाव आपोआप ठरवणारे सूत्र म्हणून तो जसाच्या तसा वापरताना सावधगिरी हवी. अनेकांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे.

वहीसाठी एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे कुळवहिवाटीचा विदर्भासाठीचा १९५८ चा कायदा असल्यामुळे, कसणाऱ्याला कुळाचा हक्क लागेल या भीतीने, जमीनमालक मक्त्याचा व्यवहार सहसा तोंडी आणि एका वर्षापुरता करतात. त्यामुळे मक्त्याचा दर कोणत्याही सरकारी कागदावर सापडणार नाही. गावात त्या वर्षी प्रत्यक्ष झालेले व्यवहार विचारून, भारी आणि हलक्या जमिनीचा दर वेगवेगळा लिहावा.

कोरडवाहू_केळापूर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एक प्रत्यक्षातला प्रश्न विचारतो. गटातील काही जणांनी भाव वाढेल या आशेने कापूस घरात साठवून ठेवला आहे. एका सदस्याकडे २० क्विंटल आहे आणि खेडा खरेदीवाला ७,५०० रुपये देऊ करत आहे. साठवायला घरचीच खोली असल्यामुळे थांबण्याचा काही खर्च नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे काय?

हिशेबनीस_वणी यांचे उत्तर:

दादा, बरोबर नाही, आणि हे आकड्यांनीच पाहू. आज विकला तर हातात १,५०,००० रुपये येतात. त्या सदस्याच्या डोक्यावर सावकाराचे किंवा कृषी केंद्राचे महिना एक टक्का व्याजाचे देणे आहे असे धरले, तर हे पैसे लगेच भरून त्याचे दरमहा १,५०० रुपये वाचले असते. चार महिने थांबल्यास ६,००० रुपये गेले. दुसरी गोष्ट वजनाची. सुरुवातीच्या वेचणीचा कापूस ओलसर असतो आणि घरात वाळून हलका होतो. तीन टक्के घट धरली तर २० क्विंटलचे १९.४ क्विंटल राहतात. म्हणजे चार महिन्यांनी १,५६,००० रुपये मिळाले तरच आजच्या विक्रीशी बरोबरी होते, आणि त्यासाठी क्विंटलला सुमारे ८,०४० रुपये भाव लागेल. त्याच्या आत विकला, तर भाव वाढूनही तोटाच.

त्याच्या शेजाऱ्यावर मात्र कसलेच देणे नसेल आणि ते पैसे वर्षाला तीन टक्के व्याजाने बचत खात्यात पडून राहणार असतील, तर त्याला थांबण्यासाठी केवळ १,५०० रुपये व्याज सोडावे लागते आणि सुमारे ७,८१० रुपये भावावर त्याची बरोबरी होते. एकाच गावात, एकाच भावाचा, एकाच प्रतीचा कापूस असूनही दोघांचा संधी खर्च वेगळा आहे. म्हणूनच ‘अमक्याने थांबवला म्हणून मीही थांबवतो’ हा निर्णय बहुतेक वेळा कर्जदार शेतकऱ्यालाच महाग पडतो. पीककर्जाबाबतही हेच पाहावे. मुदतीत परतफेड केली तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज सवलतीच्या योजनांमुळे व्याजाचा भार जवळजवळ उरत नाही. कापूस अडवून ठेवल्यामुळे मुदत टळली, तर ती गमावलेली सवलतही थांबण्याच्या खर्चात धरावी लागते.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस १०,००० रुपयांच्या वर गेला होता. ते डोळ्यांसमोर ठेवून पुढील हंगामात पुष्कळांनी कापूस घरात ठेवला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव ७,००० रुपयांच्या आसपास उतरला. शिवाय उन्हाळ्यात त्या कापसामुळे घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. उंदीर, आगीची जोखीम आणि ही खाज यांचे पैशात मोल करणे कठीण आहे, परंतु तीही थांबण्याच्याच बाजूला लिहावी लागतात.

संत्राबाग_मोर्शी:

खोलीविषयी एक वाक्य जोडतो. ती खोली एरवी रिकामीच राहणार असेल, तर तिचा संधी खर्च खरोखरच शून्य आहे आणि तेवढ्यापुरते त्या सदस्याचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याच खोलीत तुरीची पोती ठेवायची असतील आणि कापसामुळे तूर काढल्याबरोबर मिळेल त्या भावाने विकावी लागत असेल, तर तुरीत सोडलेला भाव कापसाच्या खात्यावर लिहावा.

कोरडवाहू_केळापूर:

तूर याच महिन्यात सोंगायला येत आहे आणि त्याच्याकडे दुसरी खोली नाही. आपण दिलेली मांडणी त्याला दाखवतो. वहीत मक्ता, घरची मजुरी आणि बैलजोडीचे भाडे हे रकाने वेगळ्या शाईने लिहायचे आणि त्यांची बेरीज उघड खर्चात न मिसळता खाली स्वतंत्र मांडायची, असे गटात ठरले आहे. बैलजोडीचे भाडे मात्र, जोडी गावात दुसऱ्याकडे खरोखर भाड्याने जाऊ शकली असती त्याच दिवसांचे धरणार आहोत.